कानावर घातलेले

“बाबांचं तुम्ही माझ्यावर सोपवा. नवा ध्वज चढायच्या आधी निकाल लागेल, आणि तुम्हाला हवा तसाच लागेल.”

नवरा ओसरीवर नव्या राजमंडळाच्या दूताला हे सांगत होता, तेव्हा सून पन्ह्याचे पेले घेऊन दाराआड उभी होती. दाराआडची सून घरात नसतेच, असे त्या घरात सारे धरून चालत. लग्नाला दोनच महिने झाले होते. तिलाही ते सोयीचेच वाटे.

त्या राज्यात नुकताच राजा जाऊन मंडळ आले होते. जुन्या राजाच्या किल्लेदाराने कित्येकांना विनाचौकशी डांबले होते, आणि त्याचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायाधीशांपुढे, म्हणजे तिच्या वृद्ध सासऱ्यांपुढे चालू होता. मुलगा त्यांचाच शिष्य. निकाल मनासारखा लागला तर पुढे न्यायासन त्याचे, असा शब्द दूताने दिला होता.

त्या न्यायसभेची एक जुनी रीत होती. कामकाजाआधी चोपदार पुकारा करी, “न्यायाधीशांच्या कानावर कोणी बाहेर काही घातले असेल, तर ते इथे सांगावे!” मामंजी ते जुने दिवस सांगू लागले की त्यांचा चेहरा उजळे. एकदा म्हणे एक म्हातारी उठून म्हणाली, “मी फणस पाठवला होता हो, पण परत आला. कापला तर सगळा नासका. देवानंच अब्रू राखली!” सभा पोट धरून हसली होती. एकदा तर खुद्द राजा उभा राहिला होता, शिकारीच्या वेळी दोन शब्द जास्त बोललो म्हणून.

निकालाच्या दिवशी पुकारा झाला. दूत छताकडे पाहत राहिला. मुलाने पागोटे सारखे केले. बायकांच्या सज्जात सूनही मान खाली घालून बसली.

पुरावा स्पष्ट होता. न्यायाधीशांनी लेखणी उचलली, आणि खाली ठेवली.

“काल जेवताना माझ्या मुलाने हा निकाल काय असावा ते मला सांगितले,” ते म्हणाले. “आता मी तो देऊ शकत नाही. दुसऱ्या न्यायाधीशाने हा खटला पहिल्यापासून ऐकावा.”

मुलगा ताडकन उठला. “अहो बाबा, तो किल्लेदार दोषीच आहे! तुम्ही तरी दुसरं काय लिहिणार होता?”

“तेच लिहिणार होतो. पण तो निकाल पुराव्याचा की तुझ्या शब्दाचा, हे त्याच्या मुलाबाळांना मी कसं पटवू? त्यानं लोकांना चौकशीविना डांबलं, आणि आपण त्याची चौकशी आधीच ठरवून करायची? अरे, राज्यं बदलतात. आज ज्यांचं चालतं, तेही एक दिवस या पायऱ्या चढून येतील. इथे बसलेल्याच्या कानात कोणी आधी काही सांगितलेलं नसावं, असं तेव्हा त्यांनाही वाटेल.”

मुलगा हळूच खाली बसला. दूत मात्र हसला.

“असं काही बोलणं झालंच नाही. वय झालं, भ्रम होतो. मंडळ त्यांना आजच विश्रांती देईल, आणि निकाल त्यांचे चिरंजीव देतील. काय हो?”

मुलाने मान वर केली नाही. मामंजींनी त्याच्याकडे एकदाच पाहिले आणि काहीही विचारले नाही. ते न विचारणे सुनेला बघवेना. ती सज्जाच्या कठड्याशी आली. तिचा आवाज सभेच्या टोकापर्यंत पोचला.

“ओसरीवर यांनी दूतांना निकालाचा शब्द दिला, तो मी ऐकला आहे. आणि सकाळी पुकारा झाला तेव्हा मी गप्प बसले, तेही लिहून घ्या.”