खेकड्याचं बीळ

"मी कधी कुणावर चाबूक उगारलाय का, बाबा? मग मी का द्यायचं?"

दिगंबरराव खोत आले होते आशीर्वाद मागायला, पण सूर फिर्यादीचा होता.

नूरशा फकीर खाडीच्या बांधावर उकिडवा बसला होता. भरती चढत होती.

"काय द्यायचं?" त्यानं विचारलं.

"जमीन! बांधाच्या आतली. ती म्हातारी जैबून मागतेय, तिच्या सात घरांसाठी. म्हणे, तुमच्या पणजोबांनी आमची माणसं बंदरावर विकत घेतली, गुरांसारखी राबवून हा बांध घातला, आणि आम्हाला मात्र बांधाबाहेर खाऱ्यात ठेवलं."

"खोटं बोलते?"

"...नाही. पण मारणारे मेले, मार खाणारेही मेले."

"आणि बांध?"

"बांध आहे की! त्याच्यावर तर आमचं भात पिकतं."



दिगंबरराव माणूस वाईट नव्हते. आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं. जैबूनला 'नाही' म्हणायला कुणाचा तरी आधार हवा होता, एवढंच.

तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. बांधातून शेताच्या बाजूला पाण्याची धार लागली होती. खेकड्यानं बीळ आरपार पोखरलं होतं.

दिगंबररावांनी कोट बघितला नाही की जोडे. धावत खाली उतरले, गुडघे टेकले, मूठभर चिखल भोकात कोंबला आणि तळवा दाबून धरला.

"बाबा, चिखल आणा! लवकर!"

फकीर जागचा हलला नाही.

"हे भोक तुम्ही पाडलंत?"

"मी कशाला पाडू? खेकड्यानं पाडलंय!"

"मग त्याला बोलवा. बुजवू दे त्याला."

"थट्टा कसली करताय? तो केव्हाच गेला! इथं खारं पाणी शेतात..."

बोलता बोलता ते थांबले.

...

आता फकीर उठला. टोपलीभर चिखल घेऊन खाली आला आणि त्यांच्या शेजारी बसला. दोघांनी मिळून भोक बुजवलं.

"देतो, बाबा," दिगंबरराव म्हणाले. आवाज पार उतरला होता. "पण किती दिलं म्हणजे पुरे झालं, हे मी कसं ठरवू?"

"तुम्ही नका ठरवू," फकीर म्हणाला. "जैबूनच्या चुलीत भरतीचं पाणी शिरतं. तिला विचारा."