जुन्या पाट्यांवरची पहिली खेप

वरच्या वाडीचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि दगड. त्या रस्त्याने पिकअपमधून दवाखान्यात नेताना गचके बसून वाडीतल्या गरोदर सविताचं बाळ पोटातच गेलं, आणि पिकअपवाली यमुना झोरे पेटून उठली. तिने गाडीला गचके झेलणारे नवे कमानपाटे आणि दणकट शॉकअब्सॉर्बर बसवले, गाडी चांगली वीतभर उचलून घेतली.

ते पाहून सभापती दिनकरराव चारचौघांत तिच्यावर खेकसले, "रस्ता मी केलाय, आणि तू असली गाडी फिरवून माझी अब्रू काढतेस? आजच्या आज जुने पाटे चढव, नाहीतर तुझी गाडीच बंद करतो!"

"चढवते की," यमुना म्हणाली. "उद्या तुमच्या घरचा गणपती वर न्यायचाय ना? जुन्या पाट्यांवर पहिली खेप त्याचीच."

दिनकरराव दचकले. "नको, नको! वाटेत मूर्ती भंगली म्हणजे? गणपती होऊ देत, मग चढव जुने पाटे."

यमुनेने बॉनेटवर हात आपटला.

"म्हणजे रस्ता कसलाय ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे! अहो, मूर्ती भंगली तर दुसरी मिळेल. सविताचं बाळ कुठून आणून द्याल?"