मनगटाची ऊब

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं हर्षदाताईनं मला दोनदा बजावलं आहे. ती माझी चुलत बहीण, आणि तिचं मी ऐकते. म्हणून मी सांगत नाही. फक्त लिहून ठेवते.

“…आणि मग तुमचाच टाका वाकडा का जात नाही?”

हे विचारलं तेव्हा हर्षदा ठकूबाईंच्या दारात उभी होती. उन्हं अजून ओट्यावर आली नव्हती. आमच्या निफाडकडं पौषात अशी थंडी पडते, की बादलीतल्या पाण्यात हात घातला तर पाणी चावतं.

ठकूबाई गोधड्या शिवतात. सत्तरी कधीच ओलांडली. त्यांच्या हातची गोधडी नाही असं घर गावात शोधावं लागेल.

त्यांनी मान वर केली नाही.

“माझाही जातो,” त्या म्हणाल्या. “तू मळ्यातल्या आण्णांची धाकटी ना?”

“हो, मावशी.”

“ती बक्षीसवाली.”

हर्षदाला हे आवडलं, पण ती तसं दाखवत नाही. तालुक्याच्या हस्तकला स्पर्धेत ती सलग तीन वर्षं पहिली आली होती. शेवटच्या वर्षी बक्षीस म्हणून स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ मिळालं होतं. ते ती उजव्या मनगटावर घालायची, घट्ट. लिहिताना, वाढताना, शिवताना सगळ्यांना दिसावं म्हणून.

“मला शिकायला नको आहे,” ती म्हणाली. “येतं मला. फक्त तुमची सुई हवी आहे. दोन दिवसांसाठी.”

ठकूबाईंनी दोरा दाढेनं तोडला. हातातली सुई तशीच पुढं केली.

“घे.”

इतक्या सहज मिळेल असं हर्षदाला वाटलं नव्हतं. ती सुई घेऊन निघालीच.

“घाई दिसते,” ठकूबाई म्हणाल्या. “बस इथंच. चालते का सुई, बघून जा.”

हर्षदानं काखेतलं बोचकं सोडलं.

त्यात एक लहानशी गोधडी होती, अर्धी शिवलेली. तिच्या भावाला मुलगी झाली होती, आणि रविवारी बारसं होतं. आमच्या घरात बाळाची पहिली गोधडी आत्यानं शिवायची. त्याच गोधडीत गुंडाळून बाळाला पाळण्यात घालतात, आणि मग आत्या नाव ठेवते.

वहिनीच्या आई नाशिकच्या. त्या फोनवर म्हणाल्या होत्या, “मी छान मऊ ब्लँकेट आणते. एवढ्या थंडीत पोरीनं कशाला हाल करून घ्यायचे?”

त्यावर हर्षदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, “बाळ माझ्याच गोधडीत पाळण्यात जाईल. नाही झाली, तर मी नाव ठेवायला उभी राहणार नाही.”

बोलून बसली. आणि दुसऱ्या दिवसापासून गारठा वाढला.

हातमोजे घालून पाहिले. सुई कुठं आहे तेच कळेना. शेकोटीवर बोटं शेकून पाहिली. बोटं घामेजली, सुई निसटली, आणि गोधडीला लावलेल्या आजीच्या जुन्या मऊ लुगड्याच्या काठाला धुराचा काळा डाग पडला. एक ओळ तर तिनं तीन वेळा उसवली होती.

आज शुक्रवार होता.

ती ओट्यावर बसली. गोधडी समोर पसरली. ठकूबाईंच्या सुईनं एक टाका घातला. दुसरा घातला. तिसरा रांग सोडून गेला.

…

“सुई बदलली,” ठकूबाई म्हणाल्या. “टाका नाही बदलला.”

“बोटं गारठली आहेत माझी.”

“मग काय करतेस?”

“फुंकर मारते. चोळते.”

“किती वेळ टिकतं?”

“दोन टाके.”

ठकूबाई हसल्या. त्यांचे समोरचे दात नाहीत, त्यामुळं हसू आधी डोळ्यांत दिसतं.

“तुझे आण्णा या दिवसांत पहाटे मळ्यात काय करतात गं?”

हर्षदाला वाटलं, म्हातारी विषय बदलते आहे.

“द्राक्षं वाचवतात थंडीपासून. विहिरीचं पाणी सोडतात. ते कोमट असतं.”

“घडांवर सोडतात?”

“घडांवर कसं सोडतील? मुळाशी सोडतात.”

“गारठतो तर घड.”

हर्षदानं आपल्या बोटांकडं पाहिलं.

…

“हात बघू,” ठकूबाई म्हणाल्या.

तिनं बोटं पुढं केली. ठकूबाईंनी बोटांकडं पाहिलंच नाही. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि घड्याळावर अंगठा ठेवला.

“हे काय?”

“पहिला नंबर आला होता माझा. तालुक्यात.”

“ते नाही विचारलं. हे गार का आहे?”

“स्टीलचं आहे, मावशी. थंडीत गार पडणारच.”

“आणि तू ते इथं बांधून ठेवलंस. घट्ट.”

रस्त्यानं कुणाची तरी बैलगाडी गेली. ती वळणापलीकडं जाईपर्यंत हर्षदा तिकडं बघत राहिली. मग तिनं घड्याळाचा खटका उघडला. काढलेलं घड्याळ कुठं ठेवावं ते तिला कळेना. ठकूबाईंनी दोऱ्याच्या रिळांचा डबा तिच्याकडं सरकवला.

मग त्यांनी स्वतःच्या मनगटावरून एक लोकरी पट्टा ओढून काढला. मग दुसरा. जुन्या स्वेटरच्या बाह्यांची कापलेली टोकं होती ती. एक तपकिरी, एक हिरवं. हर्षदा लहानपणापासून ठकूबाईंना पाहत होती, पण हे पट्टे तिनं कधी पाहिले नव्हते. त्यात बक्षिसासारखं काही नव्हतं.

“घाल.”

“तुमचे हात?”

“घाल, म्हटलं.”

तिनं घातले. लोकर अजून गरम होती. म्हातारीच्या अंगाची ऊब तिच्या मनगटाला लागली, आणि ती एकदम ओशाळली. का, ते तिला सांगता येईना.

“बोटं उघडीच राहिली की, मावशी.”

“उघडीच राहू दे. त्यांना काम आहे.”

ती पुन्हा गोधडीवर वाकली.

“अशी नको,” ठकूबाई म्हणाल्या. “समोर पसरून का बसलीस? ती काय परीक्षेचा पेपर आहे?”

“मग कशी बसू?”

“अर्धी शिवून झाली ना?”

“हो.”

“अर्धी गोधडी कुणाच्या उपयोगाची?”

“कुणाच्याच नाही. पुरी झाल्यावर बाळाच्या.”

ठकूबाईंनी शिवलेला अर्धा भाग उचलला आणि हर्षदाच्या मांडीवर टाकला. तिचे दोन्ही हात त्याच्याखाली सारले, आणि बोटं तेवढी काठापाशी बाहेर काढली.

“आता शिव.”

हर्षदानं एक टाका घातला. मग दुसरा. तिसरा… चौथा… ओळीच्या टोकाला पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. शेतात पेरलेल्या रांगेसारखी ओळ सरळ गेली होती.

ती मान खाली घालून हसली. पुन्हा सुई ओवली.

ठकूबाई त्यांच्या गोधडीकडं वळल्या. उघड्या मनगटांनी त्या शिवत होत्या. थोड्या वेळानं त्यांनीही हात आपल्या गोधडीच्या पोटात घातले.

“दात आहेत तुला,” त्या मध्येच म्हणाल्या, “तर दोरा दातानं तोड. कात्री शोधण्यात हात गार होतात. माझे या कामातच गेले.”

“खरंच?”

“नाही. ऊस खाण्यात गेले.”

दुपार झाली. हर्षदानं सवयीनं मनगटाकडं पाहिलं, तर तिथं तपकिरी लोकर होती.

“किती वाजले असतील, मावशी?”

“तुझ्या किती ओळी झाल्या?”

“अकरा.”

“मग अकरा वाजले.”

त्या दिवशी ती उन्हं कलेपर्यंत तिथं बसली. शनिवारी पुन्हा गेली. शनिवारी दुपारी शेवटचा टाका पडला, आणि धुराच्या डागावर तिनं हिरव्या दोऱ्यानं एक छोटं पान भरलं. उलट बाजूनं पाहिलं. उलट बाजूही सरळ होती.

रविवारी घर पाहुण्यांनी भरलं होतं. वहिनीच्या आई आल्या, ब्लँकेट घेऊन. गुलाबी होतं, वर सशाचं चित्र. हर्षदानं गोधडी पुढं केली तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, आणि पहिलं काम केलं ते म्हणजे उलटी करून पाहिली.

सगळ्या बायका बघत होत्या. हर्षदाच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. कुठं गेलं विचारलं, तर ती सगळ्यांना सांगत होती, बंद पडलं.

वहिनीच्या आईंनी एका ओळीवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या. पानाच्या पाठीवरही फिरवलं.

…

त्यांनी ब्लँकेटची घडी घातली, दोनदा दुमडली, आणि पाळण्यात तळाशी अंथरली.

“हे खाली राहू दे,” त्या म्हणाल्या. “पोरीच्या अंगाला आत्याची गोधडीच लागू दे.”

बाळ मघापासून रडत होतं. गोधडीत गुंडाळलं तेव्हा त्यानं दोन हुंदके दिले, आणि मूठ तोंडात घालून गप्प झालं. हर्षदा वाकली. बाळाच्या कानात तिनं कुर्र केलं, आणि नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. वहिनीच्या आईंचा सगळ्यात जोरात बसला. ती हसत हसत ताठ उभी राहिली. तिला इतकं ताठ उभं मी स्टेजवरसुद्धा पाहिलं नव्हतं.

सोमवारी ती पट्टे परत करायला गेली. सोबत बारशाच्या घुगऱ्यांची वाटी होती.

ठकूबाईंच्या मनगटांवर जुन्या मोज्यांचे तुकडे होते. घड्याळ अजून रिळांच्या डब्यातच होतं. दोघींपैकी कुणी त्याचं नाव काढलं नाही.

“झालं बारसं?”

“झालं, मावशी. सगळ्यांना आवडली.”

“उलटी करून बघितली कुणी?”

“हो.”

“मग खरंच आवडली.”

हर्षदानं पट्टे त्यांच्या हातात दिले. स्वच्छ धुऊन, वाळवून, घडी घालून आणले होते. ठकूबाईंनी ते गालाला लावले. मग परत तिच्या हातात ठेवले.

“घ्या ना, मावशी. तुमचे आहेत.”

“मी गरम दिले होते, पोरी,” ठकूबाई म्हणाल्या. “हे गार आहेत. गरम असतील तेव्हा आण.”

त्यांनी सुई ओवली.

याला आता दोन हिवाळे झाले. हर्षदाताई रोज शिवते, पट्टे रोज घालते, आणि या पौषापासून सकाळी मला शेजारी घेऊन बसते. ठकूबाई तसं का म्हणाल्या, ते तिनं मला कालच समजावून सांगितलं. म्हणजे असं, की ऊब जी असते ना, ती आपण दुसऱ्याला

“मैथिली, वही मिट. हे पट्टे गरम आहेत तोवर ये.”