फक्कीखालची खुंटी

“अण्णा, तुमचं विमान का पडलं, हे तुम्ही कुणाला विचारलंच नाहीत?”

अण्णा कुलथे थर्मासमधला चहा कपात ओतत होते. हात थरथरत होता. निम्मा चहा बशीत सांडला.

“पडलं ते पडलं,” ते म्हणाले. “विचारलं की परत वर जाणार आहे का?”

विचारणाऱ्या विश्वजितच्या खिशात वीतभर लोखंडी खुंटी होती. तीन आठवडे ती गाडीच्या डिकीत पडून होती. आज हिय्या करून त्याने ती खिशात घातली होती, आणि आता ती मांडीला टोचत होती.

बोरीच्या माळावरची ही धावपट्टी विश्वजितनेच बांधलेली. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांसाठी, शंभर मीटर लांब, मुरुमाची. अण्णांनी उभा जन्म हवाई दलात खरी विमानं दुरुस्त केली होती, आणि निवृत्त झाल्यावर या माळावर दहा-बारा हौशी मंडळींना ही खेळण्यातली विमानं उडवायला शिकवलं. त्यांत विश्वजित सगळ्यांत तयार. शिवाय रस्ते बांधणारा इंजिनिअर. पट्टी झाल्यापासून तर स्वारी जमिनीवर नव्हतीच.

अण्णांचा नियम एकच होता. उडवण्याआधी सगळ्यांनी एका रांगेत, मान खाली घालून, पट्टी चालून काढायची. खडा, काच, तारेचा तुकडा, हाताला लागेल ते उचलायचं आणि शेवटी सर्वांसमक्ष पत्र्याच्या डब्यात टाकायचं.

उद्घाटनाच्या सकाळी विश्वजितनेच तो मोडला.

“आज चालणं नको, अण्णा. पट्टीच्या मधोमध चुन्याच्या फक्कीची रेघ मारलीय, एकदम सरळ. पाहुणे यायचेत. पावलांनी सगळी पुसून जाईल.”

“बरं…” अण्णा म्हणाले होते.

पहिला मान अण्णांचा. विमानाने दोन फेऱ्या मारल्या, खाली आलं, चाकं टेकली, जरा धावलं आणि नाकावर उलटलं. पंख मोडला.

“पट्टीत काही आहे का रे?” कुणीतरी विचारलं.

“पट्टीत काय असणार?” विश्वजित पाहुण्यांकडे बघत म्हणाला. “अण्णांचे हात थरथरतात आता. त्याला पट्टी काय करील?”

लोक हसले. अण्णाही हसले. मग त्यांनी रिमोट खोक्यात ठेवला. तो अजून खोक्यातच होता.

पाहुणे गेल्यावर विश्वजित मोडकी लाकडं उचलायला गेला, आणि फक्कीखाली त्याच्या बोटांना ती खुंटी लागली. रेघ सरळ यावी म्हणून दोरी ताणायला त्यानेच ठोकलेली. बाकीच्या उपटल्या, ही राहिली. तिला अजून त्याच्या निळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा बांधलेला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खुंटी उपटली, आणि कुणाला काही सांगितलं नाही. ते आठवलं की अजून त्याच्या कानांच्या पाळ्या तापत.

“अण्णा, मला तुम्हाला काहीतरी द्यायचंय…” त्याचा हात खिशात गेला.

“मला?” अण्णांनी कप खाली ठेवला. “मला कशाला? डबा आहे ना.”

विश्वजितचा हात खिशातच राहिला. म्हणजे अण्णांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

माळावर मोटारसायकली येऊ लागल्या. रविवारची मंडळी जमली. अण्णा रांगेच्या टोकाला उभे राहिले.

“चला.”

सगळे चालू लागले. विश्वजितला खाली बघायला आज कुणाला सांगावं लागलं नाही. पट्टीच्या मध्यावर आल्यावर तो थबकला. खुंटीचं भोक कुणीतरी मातीने नीट बुजवून ठेवलं होतं. त्यावर म्हाताऱ्या अंगठ्याचा ताजा ठसा होता.

धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

पलीकडच्या टोकाला डबा फिरला. खडे पडले. एक बाटलीचं बूच पडलं. डबा विश्वजितपुढे आला. जोशात ठोकलेली ती खुंटी खिशातून काढायला मात्र त्याला फार वेळ लागला.

खण्णकन आवाज झाला. निळी दोरी डब्याबाहेर लोंबत राहिली. ती दोरी कुणाची, हे सगळ्यांना माहीत होतं.

“ही माझी,” विश्वजित म्हणाला. “त्या दिवशी फक्कीखाली राहिली. रेघेच्या बरोबर मधे. अण्णांनी विमान अगदी रेघेवर उतरवलं, म्हणून पडलं. त्यांचा हात थरथरला असता, तर वाचलं असतं… आणि हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.”

कुणी हसलं नाही. एकाने उगाच घसा खाकरला.

विश्वजितला मान वर करवेना. अण्णांच्या चपला आपल्यापासून दूर जाताना त्याला दिसल्या. मग खोकं उघडल्याचा आवाज आला. चपला परत आल्या.

थरथरत्या हाताने अण्णांनी आपला रिमोट त्याच्या हातात दिला.

“पट्टी चालून झाली,” ते म्हणाले. “आता मान वर कर. वारा बघायचाय.”