जवसाच्या तेलाचा तोरा

घाणा बैलाने ओढायचे दिवस होते. केवळाबाईच्या घाण्यातून निघालेलं जवसाचं तेल रंगाने सोन्यासारखं होतं आणि त्याला त्याचा भारी तोरा होता.

हे तेल उजेडात, वाऱ्यावर टिकत नाही, हे केवळाबाई जाणून होती. तिला तर ते सुनेच्या बाळंतपणापर्यंत टिकवायचं होतं. तिने वाटाण्याचं सत्त्व काढलं, तापवलं, लिंबू पिळून आंबट केलं, खूप घुसळलं. मग निम्मं तेल त्यात मिसळून सावलीत वाळवलं आणि त्याची पूड केली.

"मला शिवू नकोस!" उरलेलं तेल सत्त्वावर खेकसलं. "उकळून, बदडून तुझं मूळ रूपसुद्धा राहिलं नाही. असल्या गोधडीत मी तोंड लपवू?"

"एवढा मार खाल्ला, म्हणून तर मला तुला धरून ठेवता येतं," सत्त्व म्हणालं.

तेल फिदीफिदी हसलं आणि खिडकीतल्या उघड्या बरणीत मिरवत बसलं.

महिन्याने सून बाळंत झाली. केवळाबाईने पूड तळहातावर चोळून हुंगली. ताज्या जवसाचा वास आला, तशी ती तिने सुनेच्या लापशीत घातली. मग बरणीतलं तेल चोळलं आणि नाक मुरडलं.

"आता मलाही पोटात घे ना," खवट तेल गयावया करू लागलं.

"मी ताजेपणा राखतं," सत्त्व म्हणालं. "खवटपणा राखायला मी कशाला हवं? तो तुझं तूच छान राखलायस."

केवळाबाईने ते तेल गोठ्याच्या दाराला फासलं. शेणात लोळून आलेली म्हैससुद्धा तिथून तोंड फिरवून गेली.