भोंगा बोलेना

उसाच्या रानाला लागून एक घर होतं. घराला चिकटून एक गॅरेज होतं. गॅरेजात एक जुनी मोटार होती. मोटारीखाली ओली ओली जागा होती. तिथं राहायची एक बेडकी. केवढी? अंगठ्याच्या नखाएवढी. तिचं नाव पिटुकली.

पिटुकलीची भावंडं विहिरीवर राहायला गेली. पिटुकली मागे राहिली. एकटीच.

पण मोटारीला एक भोंगा होता. पितळेचा, मोठ्या तोंडाचा. पिटुकली रोज उडी मारायची, टुणुक. भोंग्यात तोंड घालायची आणि म्हणायची, "डुर्रक." भोंगा आतून म्हणायचा, "डुर्रक."

बस्स, एवढंच. पण तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

एक दिवस रंगतात्या आले. घर त्यांचं, गॅरेजही त्यांचंच. त्यांना जुन्या मोटारीची ऐटबाज मोटार करायची होती. छप्पर कापून बुटकं करायचं. पुढचं झाकण काढून टाकायचं. इंजिन उघडं ठेवायचं. गाडी धावली की सगळ्यांना इंजिन दिसायला हवं ना?

तात्यांनी मोटार सुटी केली. खटॅक खुटूक, खटॅक खुटूक. बॉडी इकडे, इंजिन तिकडे. भोंगा टांगला खिळ्याला. धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडात चिंधी कोंबली.

पिटुकली आली. म्हणाली, "डुर्रक."

भोंगा गप्प.

पुन्हा म्हणाली, "डुर्रक." भोंगा गप्पच. पिटुकलीला रडू आलं. आता अख्ख्या गॅरेजात तिच्याशी बोलणारं कुणीच नव्हतं.

"भोंग्या, भोंग्या, बोल ना."

भोंगा चिंधीतून पुटपुटला, "मी नाही बोलत जा. बॉडी मला घेईल, तेव्हा बोलेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पिटुकली गेली बॉडीकडे. बॉडी भिंतीला टेकून उभी होती.

"बॉडीबाई, बॉडीबाई, भोंग्याला घे ना. भोंगा बोलेना. माझ्याशी कोण बोलणार?"

बॉडी म्हणाली, "मी नाही घेत जा. आधी इंजिन जागेवर बसेल, मग मी बसेन, तेव्हा घेईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पिटुकली गेली इंजिनाकडे. इंजिन फरशीवर फतकल मारून बसलं होतं.

"इंजिनदादा, इंजिनदादा, जागेवर बस ना. बॉडी घेईना, भोंगा बोलेना. माझ्याशी कोण बोलणार?"

इंजिन म्हणालं, "मी नाही बसत जा. मी रेडकाएवढा जड. साखळी मला उचलेल, तेव्हा बसेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पिटुकली गेली साखळीकडे. साखळी वरच्या तुळईला लोंबत होती. खुळखुळ, खुळखुळ.

"साखळीताई, साखळीताई, उचल ना. इंजिन बसेना, बॉडी घेईना, भोंगा बोलेना. माझ्याशी कोण बोलणार?"

साखळी म्हणाली, "मी नाही उचलत जा. तात्या मला ओढतील, तेव्हा उचलेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पिटुकली गेली तात्यांकडे. तात्या स्टुलावर बसून होते. मधेच ते म्हणायचे, "पाना दे रे." मग त्यांना आठवायचं, पाना द्यायला कुणी नाही. मग स्वतःच उठून घ्यायचे. अगदी एकटे होते तात्या, पिटुकलीसारखेच.

"तात्या, तात्या, ओढा ना. साखळी उचलेना, इंजिन बसेना, बॉडी घेईना, भोंगा बोलेना. माझ्याशी कोण बोलणार?"

तात्या म्हणाले, "ह्ये एकट्याचं काम न्हवं, बाळ. एकानं साखळी ओढायची, दुसऱ्यानं इंजिन धरायचं. न्हाईतर ते झुलतंय आन् भिंत फोडतंय. इसाक धरायला येईल, तवा ओढीन."

इसाकचाचा कुठं राहायचे? भिंतीच्या पलीकडे. इतके जवळ. पण दोघांचं बोलणं बंद होतं. किती दिवस? तात्यांनाच विचारा.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. भिंतीतल्या भोकातून पिटुकली गेली चाचांकडे. चाचा बाजेवर बसून लोखंडाचा एक तुकडा कानशीनं घासत होते. खर्र खर्र, खर्र खर्र. तुकडा कधीच गुळगुळीत झाला होता. तरी घासत होते.

"चाचा, चाचा, या ना. तात्या ओढेनात, साखळी उचलेना, इंजिन बसेना, बॉडी घेईना, भोंगा बोलेना. माझ्याशी कोण बोलणार?"

चाचांचे डोळे भरून आले. पण मान काही हलली नाही. मोटार सुटी व्हायच्या आधी तिचं छप्पर त्यांनीच कापलं होतं. रंगानं माप दिलं, तेवढंच कापलं होतं. आणि रंगा म्हणाला, जास्त कापलंस.

"मी न्हाई येत," चाचा म्हणाले. "रंगा हाक मारील, तवाच येईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पिटुकली परत आली तात्यांकडे.

"तात्या, तात्या, हाक मारा ना. चाचा येईनात, तात्या ओढेनात, साखळी उचलेना, इंजिन बसेना, बॉडी घेईना, भोंगा बोलेना. माझ्याशी कोण बोलणार?"

तात्यांनी मान फिरवली. म्हणाले, छप्पर कापल्यावर गाडीत बसून पाहिलं, तर फेटा छपराला आपटला. ठक्क. चूक इसाकची, मग हाक मी का मारू?

बघा बाई. एक शेर, तर दुसरा सव्वाशेर. आणि मधल्या मधे पिटुकलीचा भोंगा मुका.

आता उरला कोण? उरला फेटा. खुंटीवर बसला होता, लालेलाल. पिटुकलीचे पाय दुखत होते. तरी ती गेली. टुणुक... टुणुक...

"फेटेबुवा, फेटेबुवा, काहीतरी करा ना. तात्या हाक मारेनात, चाचा येईनात, तात्या ओढेनात, साखळी उचलेना, इंजिन बसेना, बॉडी घेईना, भोंगा बोलेना. माझ्याशी कोण बोलणार?"

फेटा काही जा म्हणाला नाही.

फेटा म्हणाला, "माप घेतलं, त्या दिवशी मी डोक्यावर नव्हतोच. उकडत होतं. तात्यांनी मला काढून इथं ठेवलं होतं. पण मला कुणी विचारलंच नाही. ये, माझ्यात बस."

पिटुकलीनं उडी मारली. टुणुक. फेटा खुंटीवरून पडला. धप्प. आणि फरशीवरून चालायला लागला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. थेट तात्यांच्या पायाशी.

तात्यांनी डोळे चोळले. उड्या मारणारा फेटा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. ते हसले. किती दिवसांनी हसले. मग त्यांनी खुंटीकडे पाहिलं. छपराकडे पाहिलं. आपल्या बोडक्या डोक्यावर हात ठेवला. आणि त्यांचं हसू थांबलं.

तात्या उठले. भिंतीपाशी गेले. हाक मारणं सोपं नव्हतं.

"इसाक," तात्या म्हणाले. "माप माझंच चुकलं. फेटा खुंटीला हुता."

पलीकडे खर्र खर्र थांबलं.

"आलो रे, रंगा," चाचा म्हणाले. "किती दिस वाट बघायला लावलीस."

मग काय?

चाचा आले, चाचांनी धरलं.
तात्यांनी ओढलं, खुळखुळ खुळखुळ.
साखळीनं उचललं.
इंजिन बसलं, धुडूम.
बॉडी बसली, धप्प.
बॉडीनं भोंग्याला घेतलं, खटॅक.
भोंग्याच्या तोंडातली चिंधी निघाली, फुस्स.

फेटा अजूनही आत मावत नव्हता. तात्या बोडक्यानंच गाडीत बसले. फेटा चाचांच्या मांडीवर. चाचांनी भोंग्याला नवा रबरी फुगा लावला होता. त्यांनी तो दाबला.

भोंगा म्हणाला, "डुर्रक."

पिटुकली थबकली. आजवर ती आधी म्हणायची, मग भोंगा. तिला आधी कुणी हाक मारलीच नव्हती.

मग ती उडी मारून भोंग्यापाशी गेली, आणि म्हणाली,

"डुर्रक."