एसडीए पाचमधलं गाणं

गुंजू भुंगा इवलासा. इवलासा म्हणजे किती? तुझ्या नखाएवढा.

गुंजूचं गाणं सापडेना. गाण्याशिवाय धाकटी चिंगी घास खाईना. तोंड गच्च मिटून बसली.

आई म्हणाली, "गाणं संगणक चालवणाऱ्या लिनक्समामाच्या पेटीत आहे. मोठ्या डिस्कच्या घरात. एसडीए पाच, असा पत्ता. एसडीए घराचं नाव, पाच खोलीचा आकडा."

गुंजू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु.

डिस्कच्या घरात खोल्या होत्या. एक, दोन, पाच. हो, पाच! पुन्हा मोजा. एक, दोन, पाच.

"तीन नि चार कुठे गेल्या?"

पाच म्हणाली, "गेल्या कुठे? झाल्याच नाहीत! मी दोनच्या पोटातली खोली. पोटातल्या खोल्या पाचपासून मोजतात. इथली रीतच आहे, बाळा!"

"पाचूताई, पाचूताई, गाणं दे ना."

"दोन दार उघडेल, तर मी दार उघडेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"दोनआजी, दोनआजी, दार उघड. तू दार उघडशील, पाच दार उघडेल, मला गाणं मिळेल."

"डिस्क जागी होईल, तर मी दार उघडेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"डिस्ककाकू, डिस्ककाकू, जागी हो. तू जागी होशील, दोन दार उघडेल, पाच दार उघडेल, मला गाणं मिळेल."

"मामा नाव देईल, तर मी जागी होईन. नाव एसडीएच हवं हं! मी मोठी!"

तुरुतुरु तुरुतुरु.

"लिनक्समामा, लिनक्समामा, नाव दे. तू नाव देशील, डिस्क जागी होईल, दोन दार उघडेल, पाच दार उघडेल, मला गाणं मिळेल."

"घुर्रर्र... बटण टक् करेल, तर मी नाव देईन... घुर्रर्र..."

तुरुतुरु तुरुतुरु.

"बटणदादा, बटणदादा, टक् कर. तू टक् करशील, मामा नाव देईल, डिस्क जागी होईल, दोन दार उघडेल, पाच दार उघडेल, मला गाणं मिळेल."

बटण म्हणालं, "मी कधी नाही म्हटलं? मार की उडी!"

गुंजूने उडी मारली. टुणुक! काही नाही.

टुणुक टुणुक! काही नाही.

गुंजूला चिंगीचं मिटलेलं तोंड आठवलं. टुणुक टुणुक टुणुक... टक्!

मामा उठला. डोळे चोळले. "पहिली कोण दिसली? पेटीच्या खाचेत बसलेली पेनड्राइव्हताई! तू एसडीए. दुसरी कोण? डिस्ककाकू! तुम्ही एसडीबी."

काकू फुगल्या. "काल तर मी एसडीए होते!"

"आधी दिसेल तिला आधीचं नाव. उद्या लवकर दिसा!"

गुंजू रडवेला झाला. "एसडीए पाच नाही? माझं गाणं गेलं?"

आतून पाच हसली. "वेडोबा! नाव बदललं, खोली तीच. आज मी एसडीबी पाच!"

मग काकूही हसल्या. डिस्क जागी झाली. घर्रर्र!
दोनने दार उघडलं. कर्रर्र!
पाचने दार उघडलं. किर्रर्र!
गाणं बाहेर आलं. गुं गुं गुं!

गुंजू घरी आला. भुर्रर्र!

गुं गुं गुं! चिंगीने तोंड उघडलं.

आऽऽऽ! गट्टम्!